रूपाच्या वाटचा रोट

कानबाई देवीचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले, आणि रूपाने प्रसादाच्या जाड गोड रोटाचा चतकोर फॉइलमध्ये गुंडाळला. नवऱ्यासाठी, भूषणसाठी. दोघं आयर्लंडला गेल्यापासून चार वर्षांत त्याला घरचा रोट मिळाला नव्हता. पर्समध्ये पुढल्या मंगळवारची दोन तिकिटं होती, तिचं आणि पाच वर्षांच्या लेकीचं, किरणचं. वर्षाची असल्यापासून किरण आजीकडेच वाढली होती. किरणला न्यायचंय, हे सासूबाईंना सांगायचं अजून राहिलंच होतं. सासरी चोपड्याला येऊन आठवडा झाला. रोज सकाळी ती ठरवायची, आणि रोज सकाळी किरण आजीच्या पुढ्यात बसून वेणी घालून घेत असायची.

"काय गुंडाळी ऱ्हायनी वं?" सासूबाई, प्रमिलाबाई, दारात उभ्या.

"यांच्यासाठी, आई. एवढासाच आहे."

"इतली शिकनी आन् हाई इसरनी? रोट घरमाच खावाना. उंबराबाहेर नही जास."

रूपा ओशाळली. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मुठीमुठीने गहू घ्यायचे, परगावी असतील त्यांच्याही नावाने, आणि त्यांचे रोट पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. पण एक गोष्ट कधी मनातच आली नव्हती.

"आई, आमच्या दोघांचे रोट इतकी वर्षं कोण खायचं?"

"कोन खाई? मीच." प्रमिलाबाई हसल्या. वर दोनच दात उरले होते. "दूधमा भिजाडी भिजाडी."

तिकडे आयर्लंडात, वृद्धाश्रमातल्या नोकरीत, रूपा रोज चौदा नंबरच्या खोलीतल्या आजींना मऊ लापशी भरवायची, हलक्या हाताने हनुवटी पुसायची. लोक कौतुक करायचे. त्या कामावरच घर झालं, राहण्याचा कायमचा परवाना आला, किरणच्या खोलीला पिवळे पडदे लागले. आणि चार श्रावण ही बाई दोन दातांनी तिच्या वाटचं चघळत होती.

"आजी," कोपऱ्यातून किरण म्हणाली, "रोट बाहेर नही जास, मंग मी कशी जाऊ?"

रूपाच्या हातातलं फॉइल चुरगळलं. "तुला कोणी सांगितलं?"

"पप्पानी, फोनवर. मी आजीले बी सांगी दिन्हं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. रूपाला मान वर करवेना. "आई, मी सांगणारच होते..."

"तू काय रोट शे का वं?" प्रमिलाबाईंनी नातीला लटका धपाटा घातला. "जाय, दूधनी वाटी आन."

त्यांनी रूपाला दोन शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

वाटी आली. त्यांनी फॉइलकडे हात नेला, तसं रूपाने ते मागे ओढलं.

"यांचा मी खाते. माझाही." आणि तिने कोरडाच घास तोंडात कोंबला.

प्रमिलाबाई वाटी तिच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "दूध तरी ले. आन् जावानं पहिले माले दात बसाडी दे. पुढला साल तीन जननं खानं शे."

रूपाने मान डोलावली. तोंड भरलेलं होतं.