अभिक्रिया पूर्ण झाली का?

हर्षा तायडे अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. खरं ते तोंडावर बोलायची तिला लहानपणापासून खोड होती, आणि त्या खोडीपायी यंदा मार्चमध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेला कुलूप लागायची वेळ आली.

झालं असं. मान्यतेच्या नूतनीकरणासाठी अमरावतीहून तपासणी अधिकारी ओमप्रकाश लढ्ढा आले. हर्षाने त्यांना कोबाल्ट क्लोराइडचा प्रयोग दाखवला. गुलाबी द्रावणाची परीक्षानळी गरम पाण्यात धरली, तसं ते निळंशार झालं. साहेब खूश. फॉर्मवर 'निळा' लिहून ते चहाला गेले. तोवर हर्षाने पुढचा भाग दाखवायला नळी बर्फात ठेवली. साहेब परत येऊन बघतात तर द्रावण गुलाबी!

"हे कोणी बदललं?"

"कोणी नाही, सर. ही अभिक्रिया दोन्हीकडे चालते. तापवली की निळी, थंड केली की गुलाबी."

"मग पूर्ण कधी होते?"

"होतच नाही," हर्षा म्हणाली.

संपलं! फॉर्मवर छापलेलंच होतं: 'अभिक्रिया पूर्ण झाली का? होय / नाही'. साहेबांनी 'नाही'वर खूण केली, वर शेरा मारला, 'प्रयोग अर्धवट, रंग अनिश्चित', आणि बुधवारी खुलाशासाठी अमरावतीला यायला सांगून गेले.

प्राचार्य पंजाबराव ठोंबरे हवालदिल झाले. मान्यता गेली तर पुढच्या वर्षी बारावीच्या ऐंशी पोरापोरींना प्रॅक्टिकलसाठी मूर्तिजापूर गाठावं लागणार. "मॅडम, तुमाले 'होय' म्हणायले काय झालं होतं?" ते करवादले. "आता असं करा, नळीत निळी शाई भरून न्या. तिचा रंग काई बदलत नाई."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या धर्मपालने तर शाईची बाटली काढूनही ठेवली. "साहेबाले काय समजते त्यातलं? तुमी काहून जिवाले त्रास करून घेऊन राहिल्या?"

हर्षाचं मन क्षणभर डळमळलं. पण साहेबाला शाई दाखवून आल्यावर वर्गात कोणत्या तोंडाने उभं राहायचं? तिने खरं द्रावण नळीत घालून नळीचं तोंड वितळवून बंद केलं, ती कापसात गुंडाळून डब्यात ठेवली आणि एसटी पकडली.

अमरावतीला डबा उघडला तेव्हा द्रावण उन्हाने जांभळं झालं होतं. साहेबांच्या एसीत ते बघता बघता गुलाबी झालं.

"बघा, अजून याचं ठरत नाही!" साहेब म्हणाले.

"ठरलंय, सर. आत जेवढं निळ्याचं गुलाबी होतं, तेवढंच गुलाबीचं निळं होतं, त्याच वेगाने. बाहेरून वाटतं सगळं थांबलंय, पण आतलं काम एक क्षण थांबत नाही. यालाच समतोल म्हणतात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे काम अखंड चालू, आणि फरक काहीच पडत नाही?"

"काहीच नाही."

"इकडचं तिकडे, तिकडचं इकडे?"

"सारखंच."

"अहो, मग आधीच असं सांगायचं ना!" साहेबांचा चेहरा उजळला. टेबलावरच्या फायलींच्या ढिगाकडे त्यांनी मायेने पाहिलं. "यासाठी आमच्याकडे शेरा आहे. एकोणतीस वर्षं काय उगीच काढली इथे?"

त्यांनी 'नाही' खोडलं, शेजारी सुवाच्य अक्षरात 'काम प्रगतिपथावर' लिहिलं आणि शिक्का हाणला. मान्यता मिळाली.

हर्षाला हसावं की कपाळ बडवावं कळेना. बसस्टँडवर उसाचा रस पिताना तिला एकटीलाच असं हसू फुटलं, की रसवाल्याने दोनदा वळून पाहिलं. अकोल्यात प्राचार्यांनी पेढे वाटले.

पण साहेबांना तो शेरा फारच आवडला असावा. जूनमध्ये परिपत्रक आलं: यापुढे प्रत्येक प्रयोगाच्या निष्कर्षात 'काम प्रगतिपथावर' असे नमूद करावे.

नव्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल मॅग्नेशियमच्या फितीचं होतं. फीत भपकन पेटली, डोळे दिपले, आणि बशीत चिमूटभर पांढरी राख उरली. मागच्या बाकावरची खुशी वही घेऊन आली.

"मॅडम, हे तर जळून गेलं. तरी प्रगतिपथावरच लिहू?"

हर्षाने पेनाचं टोपण काढलं. "राख झाली ना? मग राखच लिही. सही मी करते."