उजव्या बाजूचं दार

भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक असलेल्या प्रशिकला चार दिवस चैन नव्हतं. गाडीखाली शिरला तरी हातात पाना आणि डोक्यात तो फोटो.

फोटो भोंगवलीच्या साळूआजीकडचा, म्हणजे त्याच्या आजोबांच्या बहिणीकडचा. तिचा धाकटा भाऊ रतन एकोणऐंशी साली बोटीवर कामाला गेला तो परतलाच नाही. पाच वर्षांनी एक पत्र आलं, त्यात हा फोटो होता. लाल दुमजली बसच्या दाराशी रतन हसत उभा. पत्र पुढं वाळवीनं खाल्लं. रतन लंडनला आहे, एवढं घरात सगळ्यांना पाठ. लंडनला केलेल्या चौकशीला कधीच उत्तर आलं नाही. तेव्हापासून आजीनं भावाचं नाव टाकलं होतं.

प्रशिकच्या मोबाईलवर एक ग्रुप होता. विलायतेतल्या जुन्या दुमजली बसगाड्या कुठल्या कुठल्या देशांत विकल्या गेल्या, ते ग्रुपमधली माणसं फोटोवरून ओळखायची. कुणी खिडक्या मोजायचं, कुणी रेडिएटरची जाळी बघायचं. प्रशिकनं गंमत म्हणून रतनचा फोटो टाकायला घेतला आणि थबकला. दार बसच्या उजव्या अंगाला होतं.

इंग्लंडात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. दार डावीकडं हवं. फोटो उलटा छापला असेल? पण पाटीवरची अक्षरं सरळ होती. म्हणजे वाहतूक उजवीकडून चालते अशा देशात ही बस नेली आणि तिथं नवं दार कापलं. रतन लंडनला नव्हताच!

त्यानं फोटो टाकला. मग दर दहा मिनिटांनी मोबाईल बघायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. आजीला सांगावं का? आणि सांगायचं तरी काय?

पाचव्या दिवशी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातून एका म्हाताऱ्यानं लिहिलं, ‘ही आमची पर्यटकांची बस. या माणसाला मी ओळखत होतो.’

पुढचं वाचून प्रशिकनं अर्धी रजा टाकली आणि भोंगवलीची एसटी धरली. आजी घेवडा निवडत होती.

“आजी, रतनआजोबा लंडनला नव्हते. कॅनडात होते. लंडनच्या जुन्या बसगाड्या तिकडं नेल्या होत्या, त्या दुरुस्त करायचे. तिथल्या एका म्हाताऱ्यानं फोटो ओळखला.”

आजीचा हात थांबला. “आन आता?”

“गेले. अकरा वर्सं झाली.”

आजी उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन बसली.

“त्यानं लिवलं व्हतं, मी लंडनच्या गाडीवर हाय,” ती म्हणाली. “गुरुजींनी वाचून दाखिवलं. आमी गाडी सोडली आन लंडन धरून बसलो. त्यानं खरं लिवलं व्हतं रं. म्याच रुसले.”

आजीनं पदरानं डोळे पुसले.

“रविवारी विहारात रतनच्या नावानं पुण्यानुमोदन करायचं. समद्यांना सांगावा धाड. आन त्या म्हाताऱ्याला इचार, रतन नीट जेवत व्हता का? लगीन केलं व्हतं का?”

प्रशिकनं लिहून पाठवलं. दोन मिनिटांत आजी त्याच्या खांद्यावरून डोकावली.

“आलं का उत्तर?”

“तिकडं आत्ता पहाट हाय, आजी. झोपला असंल तो.”

“मंग उठंलच की आता,” म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.