मरणाच्या बोलीवर

खुशालराव डॉक्टरांसमोर टेकतात न टेकतात, तोच त्यांचा धाकटा भाऊ महादेव दार ढकलून आत शिरला.

"सख्खा भाऊ आहो मी याचा. हा किती दिवस काढीन, तेवढं सांगा."

खुशालरावांना धास्ती वाटली. आजाराची नव्हे, शेतातल्या वाटेची. गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला, तेव्हा अख्खं गाव भेटून गेलं. जन्माचा वैरी महादेवही आला. त्यानं डोळे पुसले आणि इतकी वर्षं अडवलेली आपल्या शेतातली बैलगाडीची वाट मोकळी करून दिली. तोवर खुशालरावांचा कापूस डोक्यावरूनच घरी यायचा. तेव्हापासून गावात ते जरा जास्तच वाकून चालत.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला.

"प्रोस्टेटचा, म्हणजे लघवीच्या वाटेवरच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा, अगदी संथ. ऑपरेशन नको, औषध नको. अधूनमधून रक्त तपासून नुसतं लक्ष ठेवायचं. यानं ते जातील असं वाटत नाही. सख्खे भाऊ ना तुम्ही? मग तुम्हीही रक्त तपासून घ्या."

"मले काय धाड भरली?"

बाहेर येताच महादेवनं तोंड सोडलं.

"फसवलं तू मले! मराले टेकला म्हणून वाट देली. गावात धडधाकट माणसं जीव देऊन राहिली, अन् तू कॅन्सर घेऊन मजेत! उद्याच काटे टाकतो वाटेवर."

"टाक. तुह्या रडण्यात तरी काय खरं होतं?"

महादेव पाय आपटत दवाखान्याच्या मुतारीत गेला. अकोल्याहून बार्शीटाकळीची बस सुटायला आली होती. खुशालराव रागानं धुमसत दाराबाहेर उभे राहिले. आतून आवाज येत होता. थेंब, मग कुंथणं, पुन्हा थेंब. हा आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता. त्यांचंही असंच सुरू झालं होतं.

मुकाट बसमध्ये बसावं, त्यांना वाटलं. कोण जाणे, याचा संथ नसेलही. मग वाट अडवणार कोण? हा विचार गोड लागला, आणि तो गोड लागला याचीच त्यांना शिसारी आली. ते तपासणीच्या काउंटरवर गेले आणि भावाचं नाव सांगून आले.

"बस चुकीन ना," महादेव बाहेर येत खेकसला.

"चुकू दे. बाही वर कर."

"काहून?"

"रक्त दे पहिले. काटे उद्या टाकजो."