खाच केवढी पाडू?

आजारपणातून उठल्यावर बाबांनी पहिली गोष्ट मागितली ती मशीन-करवतीची किल्ली. आईने ती गुपचूप माझ्याकडे दिली. सुतारकामाचा कारखाना आता मी चालवते आणि बोटं गमावलेला बाप मला नको होता. तरी किल्ली दडवून ठेवायची म्हणजे त्यांच्या जिवंतपणीच त्यांना निवृत्त करायचं. म्हटलं, आधी डोकं तपासू.

मी कागदावर लिहिलं, १/२ + १/८. बाबांनी चष्मा पुसला, भरपूर वेळ घेतला आणि लिहिलं, २/१०. वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी! लहानपणी मी हेच केलं होतं, तेव्हा ह्याच माणसाने डोक्याला हात लावला होता. आई म्हणाली, थकलेत, राहू दे. मी कागद चुरगळून खिशात कोंबला. कागदावर राग काढणं सोपं असतं.

कपाटाचं काम अडलं होतं. अर्ध्या इंचाच्या फळीवर पातळ प्लाय चिकटवून ती खाचेत बसवायची होती. बाबा शेजारी स्टुलावर बसले होते. खाच केवढी पाडू, असं मी सवयीने विचारून गेले. त्यांनी फळी आणि प्लाय एकावर एक ठेवून कडेवरून अंगठा फिरवला.

"पाच सूत."

आमच्या धंद्यात इंचाचे आठ भाग आणि प्रत्येक भाग एक सूत. फळीचे चार, प्लायचं एक. मी कागद काढून सरळ केला आणि सांगितलं, ही तीच बेरीज आहे. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"ह्यात एक तुकडा मोठा, एक बारका," ते म्हणाले. "असे कसे मोजायचे? आधी सगळ्याचं सूत कर."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. ते मशीनपाशी गेले. किल्ली भोकाभोवती खडखडत राहिली, काही केल्या आत जाईना. हात थरथरत होता. मी फळीकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"माप मी सांगत जाईन. कापायचं तू."

मी किल्ली मशीनला लावली.

"पाच सूत," त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मी करवत सुरू केली.