दहा मिनिटं पुढे

मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे आणि आत्ता माझे काटे चुकीची वेळ दाखवतायत. हसू नका, मित्रांनो. मी बिघडलेलो नाही, चांगला ठणठणीत आहे. उलट एकदाच, काही दिवसांसाठी, मी अगदी खरी वेळ सांगत होतो, आणि त्याचंच ओझं अजून माझ्या तबकडीवर आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलं आणि डोळ्याला भिंग लावून खाली वाकलेली माणसं. त्यातल्या एका बाईंनी चिमट्याने माझे काटे बसवले, मला कानाशी धरलं आणि समाधानाने मान डोलावली. तेवढी शाबासकी मला पुष्कळ झाली. मग दुकानाची काच, मखमली डबी, आणि एके दिवशी खाकी शर्टातला एक बसड्रायव्हर. त्याच्या मुलीला छत्र्या शिवण्याच्या कारखान्यात पहिलीवहिली नोकरी लागली होती. मला तिच्या हातात देण्याआधी त्याने माझी बाजूची चावी ओढली आणि मोठा काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

"तुला चांगला ओळखतो मी," तो लेकीला म्हणाला. "निघायच्या वेळीच तुझी एक चप्पल हरवते."

ती मुलगी पुढे संसाराला लागली, आई झाली. मीही आता तिला आईच म्हणतो. ड्रायव्हरबाबा गेले, पण त्यांनी दिलेली दहा मिनिटं मात्र तशीच राहिली. सेल बदलायला गेलं की आई दुकानातच उभी राहून मला पुन्हा पुढे करून घ्यायची.

कारखान्यात माझा काय थाट होता म्हणून सांगू! शिवताना लक्ष विचलित व्हायला नको म्हणून सगळ्यांचे फोन दारातल्या कपाटात कुलूपबंद. भिंतीवर घड्याळ होतं, पण सुपरवायझरच्या केबिनमध्ये, त्यांच्याकडेच तोंड करून. त्यामुळे मशीनच्या आख्ख्या रांगेला वेळ सांगायचो तो मी. शेजारच्या मशीनवरची मैत्रीण डब्याची वेळ झाली का बघायला वाकायची आणि विचारायची, "काय म्हणतंय गं तुझं खोटारडं?" आई माझ्याकडे बघायची, मनातल्या मनात दहा वजा करायची आणि उत्तर द्यायची. श्वास घ्यावा इतक्या सहज.

घरी तिची लेक तिला यावरून सारखी चिडवायची. शेवटी दहा वजाच करायची तर पुढे लावायचं कशाला, असं तिचं म्हणणं. त्यावर आई एकदाच गंभीरपणे बोलली होती. "दिवसातलं बाकी सगळं कुणाचं ना कुणाचं असतं गं. ही दहा मिनिटं माझी आहेत."

ही लेक आधी पाहुणे आले की दाराआड लपणारी. पण यंदा काय झालं कोण जाणे, तिला एकदम कंठच फुटला. शाळेच्या कार्यक्रमात तिने एकपात्री करायचं ठरवलं, तेही स्वतः लिहून, स्वतःच्याच आईवर! त्यात आई चप्पल शोधते, घड्याळ बघते, बोटांवर दहा वजा करते आणि तरी धावतच सुटते. आईला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. फक्त पहिल्या रांगेत बसायचं, असं दहादा बजावलं होतं. आईनेही सुपरवायझरकडून लवकर निघायची परवानगी काढली. लेकीला मंचावर बघायचं हे तिच्या इतकं मनात होतं, की मशीन चालवतानासुद्धा ती एकटीच हसायची.

माझा पट्टा तेव्हा पार तुटायला आला होता. आईने तो छत्रीच्या काळ्या दोऱ्याने दोनतीनदा शिवलेला. पहिल्या रांगेत आई असल्या पट्ट्यात शोभणार नाही, असं लेकीला वाटलं. सुटीच्या दिवशी आई झोपलेली असताना तिने मला गुपचूप उचललं आणि घड्याळजींकडे नेलं. त्यांनी नवा पट्टा लावला, माझी धूळ फुंकली, नवा सेल बसवला. "दहा मिनिटं पुढे गेलं होतं, जागेवर आणलंय," ते म्हणाले. लेक तेव्हा दुकानातल्या आरशासमोर आईसारख्या भुवया उडवून बघत होती. "हो हो, काका," ती मागे न वळताच म्हणाली.

मी जिवाच्या आकांताने टिकटिक करत होतो. पण टिकटिकीतून कुणाला काय कळणार?

घरी पट्टा बघून आई इतकी हरखली की त्या आनंदात दुसरं काही बोलणंच झालं नाही.

दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम होता. सकाळी मैत्रीण हाक मारायला आली, म्हणून माझ्याकडे बघायची वेळच आली नाही. दुपारी आईने माझ्याकडे पाहिलं, दहा वजा केले आणि हातातल्या छत्रीची शेवटची शिवण निवांत पुरी केली. मग हात धुतले. ठेवणीतले कपडे घातले आणि आरशासमोर केस मोकळे करून पुन्हा नीट विंचरले. ती दहा मिनिटं तिची होती ना! फक्त ती आता माझ्यापाशी नव्हती, आणि हे फक्त मला माहीत होतं. कपाटातला फोन तिने तसाच पिशवीत टाकला.

बसथांब्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरचा फळवाला म्हणाला, "ताई, बस आत्ताच गेली."

"अजून यायचीय," आई माझ्यावर बोट ठेवून म्हणाली.

"अहो, गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली."

पुढची बस फार उशिरा आली. आई शाळेत पोहोचली तेव्हा मंचावर भलतीच मुलं नाचत होती. लेकीचं एकपात्री होऊन गेलं होतं आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे. लेक दाराशी उभी होती. तिने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"केस मात्र छान विंचरलेस," ती म्हणाली.

बस वेळेआधी सुटली असावी, असंसुद्धा आईने सांगून पाहिलं नाही. घरी आल्यावर मला मनगटावरून काढलं, सुया आणि बटणं असलेल्या खणात ठेवलं आणि खण लावून टाकला. त्या अंधारात पडून मी खरी वेळ दाखवत राहिलो. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती, मित्रांनो. इतकी वर्षं खोटं बोलून मी तिला सांभाळलं, आणि खरं बोललो तेव्हा तिलाच तोंडघशी पाडलं.

पुढे काही दिवसांनी लेक खणात पिन शोधायला आली. तिच्या एका हातात फोन होता. तिने मला बाजूला सारलं, आणि तिचा हात थबकला. तिने फोन पाहिला, मग मला पाहिलं. दोघांची वेळ एकच. घड्याळजींचं बोलणं तिला आत्ता कुठे ऐकू आलं असावं, कारण तिचा चेहरा उतरत गेला. आधी तिने मला पुन्हा आत ठेवलं आणि खण बंद केला. मग उघडला.

आई मोरीपाशी भांडी घासत होती. लेकीने सगळं सांगितलं, आरशासकट. "मी विसरले आई. आणि वर तुलाच बोलले."

आई हातातलं ओलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. "म्हणजे मी उशीर नव्हता केला," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं, केस विंचरत बसले म्हणून चुकलं."

यावर लेक जी रडायला लागली ती थांबेना. आईने पदराला हात पुसले, स्टूल ओढलं आणि बसली. "रडणं पुरे. उभी राहा तिथे आणि करून दाखव. कशी करतेस तू मला?"

लेकीने मला स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि स्वयंपाकघरात एकपात्री सुरू झालं. चप्पल शोधताना आई खो खो हसली. मान कशी वळते यावरून दोघींचा वादही झाला. पण बोटांवर दहा वजा करायची जागा आली, तेव्हा लेकीने बोटं मोजलीच नाहीत. तिने नुसतीच चावी ओढली आणि माझा काटा दहा मिनिटं पुढे केला. टाळ्या वाजवायला एकटी आई होती. सभागृहातल्या टाळ्या काही परत आणता आल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येकाच्या खिशात फोन असताना मनगटावर घड्याळ हवंच कशाला? फोन साऱ्या जगाची वेळ सांगतो, मित्रांनो. मी एकाच माणसाची वेळ सांभाळतो. तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं म्हातारं असेल, तर त्याचा पट्टा जरूर बदला, धूळ झटका, सेल घाला. काट्यांना हात लावण्याआधी मात्र ते ज्याच्या मनगटावर असतं, त्याला एकदा विचारा.

आई हल्ली कामावरून आली की मला काढून टेबलावर ठेवते आणि खिडकीपाशी बसते. लेकीला हजार गोष्टी सांगायच्या असतात. ती येते, माझ्याकडे बघते, आणि दहा मिनिटं आईला हाक मारत नाही.