पंपाला विसावा

प्रयोगशाळेचं दार उघडताच संध्या थबकली. आत आवाज नव्हता. महिनाभर अखंड घरघरणारा व्हॅक्यूम पंप बंद होता, त्याला हळदकुंकू लावून वर झेंडूची माळ घातली होती.

पंपाच्या नळीपलीकडे, स्टीलच्या डब्यात चिप होती. तळहाताएवढी, डोंगरावरच्या एका वेधशाळेतल्या दुर्बिणीसाठी. ताऱ्यांचा प्रकाश टिपणाऱ्या तिच्या लाखो सूक्ष्म चौकोनी घरांचा आराखडा संध्यानेच आखला होता. चाचणीत चिप उतरली की तिला घेऊन संध्याने वेधशाळेत जायचं, तिथे दोन वर्षं राहायचं, असं ठरलं होतं. चिप अतिथंड ठेवावी लागे, म्हणून पंप डब्यातली हवा सतत ओढून घेई. डब्यात हवा शिरली, तर तिच्यातल्या वाफेचा बर्फ चिपवरच धरणार.

मागून मेकॅनिक फकिरा आला. काल खंडेनवमी, अंबडच्या साऱ्या कारखान्यांत यंत्रं पुजली होती.

"येक दिवस इसावा दिला पंपाला, ताई. रातंदिस फिरतोय. सनाला आपन बैल बी जुंपत नाय."

पंप चालू करून तिने चित्र घेतलं. पडद्याचा डावा अर्धा राखाडी उमटला, उजवा काळा. त्या बाजूच्या घरांत साठलेला प्रकाश शेजारच्या घरात सरकत सरकत एकाच कोपऱ्यातून बाहेर येतो. तो कोपरा वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने निकामी झाला होता. मागच्या घरांना काही झालेलं नव्हतं, त्यांना दुसरी वाट नव्हती इतकंच.

"दुरुस्त व्हईल ना?" फकिराने विचारलं.

"नाही."

त्याने टोपी काढून हातात धरली. मालकांना मीच सांगतो, म्हणाला. पण फोन तिने लावला. पंप कोणी बंद केला, हेच मालक वेणीमाधवरावांनी पहिलं विचारलं. काल दुपारी घरून निरोप आला होता, कुमारिका जेवायला बसायच्यात, सून कुठे आहे? त्या घाईत डब्याची झडप लावायची राहिली होती. ती लावली असती, तर पंप थांबूनही हवा आत गेली नसती.

"झडप माझ्याकडून उघडी राहिली," ती म्हणाली. पंपाविषयी काही बोलली नाही.

नवी चिप यायला वर्ष तरी जाईल, वेधशाळा तोवर दुसरं माणूस घेईल, असं ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पंचवटीतल्या घरी ती पोचली तेव्हा सासूबाई ओटीवर बसल्या होत्या.

"मनोजने तुझी वेधशाळेची बॅग माळ्यावर टाकली गं. स्वेटर मी कपाटात ठेवलेत. आता दिवाळी, मग श्रेयसची परीक्षा. आम्ही ठरवलं, पुढच्या वर्षी बघू."

चिपचं तिने अजून घरी कुणालाच, नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. मोरीवर जाऊन तिने हातपाय धुतले. देवापुढची आपट्याची पानं उचलली आणि ओटीवर येऊन वाकली.

"सोनं घ्या, आई."

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. "मनोजला वाटलं होतं, तू वाद घालशील."