ढब्बूवरचा आळ

हिरवळीवर तपकिरी डाग पडले आणि बाबांनी थेट शिक्षाच सुनावून टाकली: येत्या रविवारी ढब्बूची रवानगी आत्याकडे. ढब्बू म्हणजे आमचा कुत्रा.

"मेलेल्या गवताभोवती गर्द हिरवं कडं आहे बघ. कुत्र्याच्या मुताचीच खूण. तूच म्हणाली होतीस," बाबा मला म्हणाले.

म्हणाले होते मी खरी. मुतात नत्र असतं. मध्यभागी ते जास्त झालं की गवत जळतं, कडेला थोडंसं पोचतं तिथे खताचं काम करतं.

आई ढब्बूची वाटी उगाचच पुन्हा घासत होती. "वन्संकडे तिसऱ्या मजल्यावर कोंडून राहील गं तो," एवढंच म्हणाली.

मी हिरवळीवर ओणवी झाले. गवत ओढून पाहिलं, मुळं घट्ट होती; म्हणजे अळीनं खाल्लेली नव्हती. माती ओलसर होती. मग उठून उभी राहिले, तेव्हा कुठे दिसलं: डाग ओळीत होते. पलीकडे तशीच दुसरी ओळ. ढब्बू काय दोरी लावून पाय वर करतो?

"बाबा, खत पसरायची गाडी चालवून दाखवा ना. रिकामीच."

बाबांनी दोन चाकांवरची ती पेटी ढकलायला घेतली. थोडं चालून थांबले, गुडघा चोळला, पुन्हा निघाले. "ऑपरेशन झाल्यापासून असंच. मध्येमध्ये टेकावं लागतं."

"आणि थांबल्यावर खालची फट बंद करता?"

बाबांनी वाकून पाहिलं. फट उघडीच होती.

मी एका डागातली माती उकरली. मुळांशी खताचे पांढरे दाणे साचले होते. "खतातही नत्रच असतं, बाबा. म्हणून कडंही तसंच."

"म्हणजे हा उद्योग माझाच?"

"वन्संना फोन लावू का?" आई दारातून म्हणाली. "कुत्र्याऐवजी तुम्ही येताय म्हणून?"

बाबा इतके हसले की गाडीचा आधार घ्यावा लागला. मग स्वतःच आत्याला फोन करून म्हणाले, "ताई, ढब्बूचं रद्द. आरोपी दुसराच निघाला."

संध्याकाळी मेलेलं गवत खरवडून काढलं. बाबा खुर्चीवर पाय लांब करून बसले आणि खत धुऊन जावं म्हणून एकेका डागावर भरपूर पाणी सोडत राहिले. नंतर तिथे नवं बी टाकायचं होतं. तेवढ्यात ढब्बू आला, वास घेतला आणि नेमका भिजल्या डागावरच पाय वर केला.

आई आणि मी बाबांकडे पाहत राहिलो.

"उरक रे बाबा," ते म्हणाले आणि पाण्याची धार तिकडे वळवली.